सतराने गुणू नका

“मोठ्याने वाचा! मागच्यांना ऐकू जाऊ द्या!”

हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. खुर्च्या कधीच्याच भरल्या होत्या, खिडक्यांच्या कठड्यांवर माणसं बसली होती, आणि दारातल्या टेबलावर सगळ्यांचे मोबाईल काढून ठेवले होते. स्टेजवर प्लायवूडची एक भली मोठी चकती टांगली होती. तिच्या कडेने सोळा आकडे रंगवलेले, सर्वांत वर लालभडक शून्य, भोवती लुकलुकणारे दिवे. शेजारी पांढरा सदरा, पांढरी विजार आणि पांढरे बूट घातलेला एक गुटगुटीत माणूस माईक तोंडाशी धरून उभा होता. लोक त्याला अंकस्वामी म्हणत. मी त्याला बुवा म्हणते, कारण बाकीचे जे शब्द सुचतात ते शाळेतल्या बाईच्या तोंडी शोभत नाहीत.

मधल्या रांगेत माझा धाकटा भाऊ उभा होता. हातातल्या कागदावरून तो एकेक आकडा वाचत होता. “एक, एक, सात, सहा, चार, सात, शून्य, पाच, आठ, आठ, दोन, तीन, पाच, दोन, नऊ, चार!”

बुवाने चकती फिरवली. एक वर आला. मग काठीने एकेका आकड्यावर टकटक करत तो पुढे सरकला. एक, एक, सात, सहा... तेच आकडे, त्याच क्रमाने, एकही इकडचा तिकडे नाही. सगळा हॉल आ वासून बघत राहिला आणि मग टाळ्यांचा जो कडकडाट झाला तो विचारू नका.

“बघा मंडळी!” बुवा गरजला. “शून्य पाच आठ आठ दोन तीन पाच दोन नऊ चार एक एक सात सहा चार सात! यांनी दोनाने गुणलं. मोडला का आकडा? नाही मोडला! फिरला! पाचाने गुणा, फिरेल. अकराने गुणा, फिरेल. हा आकडा मरत नाही, मंडळी, फक्त जागा बदलतो! आणि ज्याच्या छातीवर हा आकडा, त्याचं शरीरही मोडत नाही. रोग म्हणजे काय? गुणाकार! औषध म्हणजे काय? बाहेरून घुसवलेला परका आकडा! परका आकडा घुसला की चक्र अडकतं. म्हणून औषध बंद, चक्र सुरू!”

रोग म्हणजे गुणाकार! माझं पित्त खवळलं. सगळी हयात मी पोरांना गुणाकार शिकवला, त्याने आजवर एकालाही ताप आलेला नाही. पण तिथे बोलून उपयोग नव्हता. माझ्या भावाच्या गळ्यात पितळेची चकती होती, तिच्यावर तेच सोळा आकडे कोरलेले, आणि त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की लहानपणी पतंग मिळाल्यावरसुद्धा मी तो पाहिला नव्हता.

हा भाऊ त्या आकड्यापायी गेला. आणि तो गेल्याचं खापर फुटलं त्याच्या दहा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर. ती पोर स्वतःच ते खरं मानून बसली. तिला त्यातून बाहेर कसं काढलं, ते मला सांगायचं आहे.

आमच्या गावात पाण्याचे मीटर बनवायचा कारखाना आहे. निम्मं गाव तिथेच कामाला. भाऊ तपासणीच्या टेबलावर होता. तिथलं काम असं: पलीकडच्या खात्यात टाकीवरचा माणूस मीटरमधून मोजून पाणी सोडतो आणि किती सोडलं ते चिठ्ठीवर लिहून मीटरला बांधतो. मग मीटर भावाच्या टेबलावर येतो. समोर बसलेला जोडीदार चिठ्ठीवरचा आकडा मोठ्याने वाचतो, भाऊ मीटरवरचा आकडा बघतो. जुळला की शिशाचं सील, नाही जुळला की परत. टाकी भिंतीपलीकडे. भावाने आयुष्यात कधी पाणी सोडलं नाही, फक्त जुळवलं. आणि त्या कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याचं सील असलेला मीटर परत आलेला कुणी ऐकला नाही.

त्याला साखरेचा आजार होता, साधा नाही, सुईवाला. रोज सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनचं इंजेक्शन. तरुणपणापासून टोचून टोचून तो वैतागला होता. “ताई, माझ्या पोटाची चाळण झालीय,” म्हणायचा. अशा माणसाला कुणी सांगितलं की सुई टाकून दे आणि हा आकडा घाल, तर त्याच्या डोळ्यात पाणी येणारच. बुवाला ही माणसं बरोबर सापडतात.

तर त्या दिवशी हॉलमध्ये मी मागे भिंतीला टेकून उभी होते आणि भावाची मुलगी माझ्याजवळ फरशीवर बसली होती. आम्ही तिला भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी बसत नाही. पण आकडे दिसले की बसते. बुवाच्या माणसांनी वाटलेला कागद मांडीवर घेऊन ती पेन्सिल चावत होती.

“आत्या, हे म्हणतात जन्मतारखेचे आकडे मिळवा आणि जे येईल त्याने गुणा. माझी तारीख सतरा. म्हणजे एक अधिक सात, आठ. आठाने गुणलं, फिरला आकडा. पण मिळवायचं कशाला? माझी तारीख सतरा आहे, आठ नाही.”

“मग सतराने गुण की,” मी म्हटलं. गणिताच्या बाईने आणखी काय म्हणावं?

भिंगरी खाली वाकली. हातचे बोटांवर धरत, ओठ हलवत ती सरकत गेली. मी तिच्याकडे बघतच नव्हते, मी बुवाकडे बघत होते. अचानक ती ताडकन उठली आणि खऱ्या आनंदाने ओरडली, “आत्या, बघ! सगळे नऊ! नुसते नऊ!”

तेवढ्यात टाळ्या थांबलेल्या. तिचा आवाज सगळ्या हॉलभर गेला.

बुवाच्या तोंडचं पाणी पळालं. क्षणभरच, पण मी ते पाहिलं. त्याला सतरा माहीत होता. तारखेचे आकडे मिळवायला लावायचे ते एवढ्यासाठीच. एकपासून एकतीसपर्यंतची कुठलीही तारीख घ्या, बेरीज अकराच्या वर जात नाही. सतराला दारातूनच परत पाठवायचा तो बंदोबस्त होता, आणि एका पोरीने बेरीज न करता त्याला आत घेतलं.

पण असली माणसं पडली तरी उभीच पडतात. बुवाने माईक खाली घेतला, डोळे मिटले, आणि खर्जातल्या आवाजात म्हणाला, “कुणी गुणलं सतराने? कुणाच्या घरचं मूल आहे हे? नऊ म्हणजे शेवट. चक्र थांबवलं हिने. ज्याच्या घरात चक्र थांबलं, त्या घरच्या कर्त्या माणसाला आता फार जपावं लागेल.”

सगळी डोकी आमच्याकडे वळली. भिंगरीच्या हातातून कागद गळून पडला. भाऊ लोकांना ढकलत आला, पोरीचा दंड धरून तिला स्टेजपाशी घेऊन गेला आणि हात जोडून म्हणाला, “स्वामी, लहान आहे, कळत नाही तिला. काय करू सांगा.”

बुवाने सांगितलं. त्याने आधीच भावाचं संध्याकाळचं इंजेक्शन बंद करवलं होतं. आता सकाळचंही बंद.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तडक त्याच्या घरी गेले. तोवर माझ्या डोक्यात प्रकाश पडला होता, कारण सोळा नऊ बघितल्यावर गणित शिकवणाऱ्याला कळायला वेळ लागत नाही. भाऊ पलंगावर बसून घटाघटा पाणी पीत होता. गालफडं बसली होती, विजार कमरेला सैल झाली होती.

“बघ ताई, कसा हलका झालोय,” तो म्हणाला. “कारखान्यात सगळे विचारतात, काय खातोस म्हणून.”

“अरे, हलका नाही, तू वाळतोयस. साखर वाढली की असंच होतं. तहान किती लागतेय बघ. ऊठ, दवाखान्यात चल.”

“चक्राला पाणी लागतं, स्वामी म्हणालेच होते.”

मी कपाळावर हात मारला. मग कागद घेतला आणि त्याला समजावलं की बाबा रे, बुवा म्हणतो तसा तो आकडा त्याला समाधीत दिसलेला नाही. एकाला सतराने भाग, भागत जा, तोच आकडा येतो. कुठलंही शहाणं पोर तो काढेल. त्याने माझ्या हातातला कागद घेतला, ओळ न् ओळ तपासली, आणि त्याचा चेहरा उजळला.

“म्हणजे आकडा खराच आहे ना? तूच सिद्ध केलंस की!”

“आकडा खरा आहे. गुणाकार खरा आहे. पण त्यावरून इंजेक्शन बंद कर, हे कुठून आलं?”

“ताई, मी स्वतः जुळवलंय. दोनाने, पाचाने, अकराने. जोडीदाराने वाचलं, मी बघितलं. एक आकडा चुकला नाही. चुकला असता तर मी तिथेच चकती काढून फेकली असती. मी काही आंधळेपणाने विश्वास ठेवणारा माणूस नाही.”

तो खरंच आंधळेपणाने विश्वास ठेवत नव्हता. तपासून ठेवत होता. फक्त भलतीच गोष्ट तपासत होता. मी रागावले, विनवण्या केल्या, वाट्टेल ते बोलले. भावजय मध्ये पडली, “ताई, तुमच्यामुळेच तर पोरगी बिघडली. तिला सतराने गुणायला कुणी सांगितलं?” भिंगरी दाराआड उभी राहून ऐकत होती. मी कारखान्याच्या कॉलनीतल्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना घेऊन आले, तर घराला आतून कडी.

शेवटी त्याला उलट्या सुरू झाल्या, श्वास लागला, तोंडाला सडक्या फळासारखा वास यायला लागला. तेव्हा भावजयीने दार उघडलं. मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा त्याला माणूस ओळखू येत नव्हता. तिथल्या डॉक्टरीणबाई रात्रंदिवस झटल्या आणि बाहेर येऊन एवढंच म्हणाल्या, “एक बाटली इन्सुलिनचं काम होतं हो, बाई. एका बाटलीचं.” माझा धाकटा भाऊ, ज्याला मी बोट धरून शाळेत नेलं, तो गळ्यात चकती घालून गेला. ती चकती मी कापून काढली.

बुवाला लाज वाटली असेल असं तुम्हाला वाटतं? पुढच्या सभेत त्याने माईकवरून सांगितलं, “मी बोललो होतो, मंडळी! सतराने गुणू नका! एका मुलीने गुणलं आणि बापाचं चक्र थांबलं.” लोकांनी माना हलवल्या. त्या दिवसापासून भिंगरी रस्त्याने निघाली की बायका आपल्या पोरांना बाजूला ओढायला लागल्या. कुणीतरी तिला ‘सतरी’ म्हणायला सुरुवात केली. सख्खी आई तिच्या ताटात वाढायची, पण तिच्याकडे बघायची नाही.

आणि पोर? पोर रडली नाही. एकदाही नाही. नुसती गप्प झाली. भिंगरी एका जागी बसायला लागली.

वर्गात रोज पाढे होतात. सगळी मुलं एका सुरात म्हणतात, आणि मी फळ्यापाशी उभी राहून एकेकाच्या ओठांकडे बघते. सोळाचा पाढा संपला, सतराचा सुरू झाला, आणि भिंगरीचे ओठ बंद. अठराला पुन्हा सुरू. पुढच्या दिवशीही तेच. मी मधल्या सुट्टीत तिला जवळ घेतलं.

“का गं, सतराचा येत नाही का?”

“येतो.”

“मग?”

ती माझ्या पदराचं टोक पिळायला लागली. मग हळूच म्हणाली, “आत्या, तू वर्गात आहेस ना. तुला काही झालं म्हणजे?”

भाऊ गेला तेव्हा जेवढा राग आला नव्हता तेवढा त्या क्षणी आला. एक माणूस मारून त्या बुवाचं पोट भरलं नव्हतं, आता या पोरीला तो जन्मभर आतून खाणार होता. मी तिला नुसतं “तसं काही नसतं गं” म्हटलं असतं तर तिने मान डोलावली असती आणि रात्री उशीत तोंड खुपसून तेच घोकलं असतं. तिला ऐकायचं नव्हतं, तिला बघायला हवं होतं. आणि जिथे तिला बोल लावला, तिथेच, त्याच माणसांसमोर.

भावजय दारात आडवी आली. “ताई, अजून किती शोभा करायची पोरीची?”

“शोभा झालीच आहे. आता ती पुसायला निघालेय. तूही चल.”

ती आली. का आली ते तिलाच माहीत, पण डोक्यावरून पदर घेऊन मागोमाग चालत आली.

हॉल पुन्हा भरलेला. दिवे लुकलुकत होते, चकती फिरत होती. एका बाजूच्या भिंतीवर कारखान्याच्या पाळ्या लिहायचा मोठा फळा होता. मी सरळ तिकडे गेले आणि पाळ्या पुसून टाकल्या.

“बाई, सभा चालू आहे,” बुवा गोड हसून म्हणाला. “आणि तिला इथे आणायला नको होतं. लोकांच्या जिवाशी खेळ होतो.”

“खेळ कोण करतंय ते आज बघूच,” मी म्हटलं. “इथले निम्मे लोक माझ्या हाताखालून गेलेत. त्यांनी माझ्या छड्या खाल्ल्यात, आता पाच मिनिटं माझं गणितही खातील. बसा रे सगळे!”

बसले. अजून बसतात, माझा आवाज ऐकला की. मी खडू भिंगरीच्या हातात दिला. “लिही. एकाला सतराने भाग. आणि पाढा मोठ्याने म्हणायचा.”

तिने माझ्याकडे बघितलं, मग आईकडे.

“आत्या, नको.”

“मी तुझ्या शेजारी उभी आहे. कुठे जात नाही. म्हण.”

“एकात सतरा जात नाही,” ती पुटपुटली. “शून्य घेतला, दहा. दहातही जात नाही. भागाकारात शून्य. अजून एक शून्य, शंभर.” ती थांबली. सगळा हॉल थांबला. “सतरा... सतरा एके सतरा. सतरा दुणे चौतीस. सतरा त्रिक एक्कावन्न. सतरा चोक अडुसष्ट. सतरा पाचे पंच्याऐंशी.” तिने चटकन मागे वळून बघितलं. मी होते तिथेच होते. “पाच. बाकी पंधरा. दीडशेत आठ वेळा, बाकी चौदा. एकशे चाळिसात आठ वेळा, बाकी चार.”

खडू चालायला लागला. पाच, आठ, आठ, दोन, तीन, पाच. मागच्या रांगेतून कुणीतरी हळूच म्हणालं, “अरे, हा तर तोच आकडा!” दोन, नऊ, चार, एक, एक, सात, सहा, चार, सात. “बाकी एक,” भिंगरी म्हणाली आणि थबकली. “आत्या, पुन्हा एक आला. मी एकापासूनच सुरू केलं होतं.”

“मग पुढे काय होईल?”

“तेच सगळं पुन्हा.”

मी लोकांकडे वळले. “ऐका. सतराने भागलं तर बाकी सतराहून लहानच उरणार. इथे शून्य कधी उरत नाही. म्हणजे एक ते सोळा, एवढ्याच बाक्या. प्रत्येक एकेकदा येऊन गेली, मग पहिली परत आली. झालं चक्र! गोल फिरणारी बस असते ना, तशी. दोनाने गुणलं म्हणजे एकाऐवजी दोनाला सतराने भागलं. दोन ही बाकी फळ्यावर आहेच, तिथून बसमध्ये चढा. थांबे तेच, क्रम तोच. चढायची जागा वेगळी. यात स्वामी कुठे आले? आणि एकट्या सतराचं हे कौतुक नाही. एकाला साताने भागा, एक चार दोन आठ पाच सात येईल. तोही असाच फिरतो. साताने गुणला की त्याचेही सगळे नऊ होतात.”

“गणित वरवरचं असतं, बाई!” बुवाचा आवाज चढला. “नऊ म्हणजे अंत! ते हिने आणलं!”

“भिंगरे, सांग यांना. एकावर सोळा शून्य घेतलेस, सतराने भागलंस, बाकी किती?”

“एक.”

“ती एक आधीच बाजूला काढली असती तर? एकावर सोळा शून्य, त्यातून एक वजा.”

भिंगरीने फळ्यावर वजाबाकी मांडली. हातचा सरकत सरकत गेला. नऊ, नऊ, नऊ, नऊ. सोळा नऊ.

“याला सतराने भागलं तर?”

“पूर्ण भाग जाईल. आणि भागाकार...” ती फळ्याकडे बघत राहिली. “भागाकार हाच आकडा. मग या आकड्याला सतराने गुणलं तर नऊच येणार! दुसरं काही येऊच शकत नाही!”

“कुणीही गुणलं तरी?”

“कुणीही.”

“कुणीच नाही गुणलं तरी?”

ती फळ्यावरचा एकेक नऊ मोजायला लागली.

तपासणीच्या टेबलावरचा जोडीदार उठून उभा राहिला. भावासमोर बसून आकडे वाचणारा तोच. त्याच्याही गळ्यात चकती होती. “बाई, मी वाचत होतो आणि तो जुळवत होता. गुणाकार खोटा नव्हता मग?”

“नव्हता. एक आकडा चुकीचा नव्हता. पण मला एक सांगा, तुमच्या टेबलावर चिठ्ठी आणि मीटर जुळले की तुम्ही सील मारता. का मारता?”

“टाकीवर पाणी सोडून बघितलेलं असतं म्हणून.”

“आणि टाकीवर कुणी नसतंच, पाणी सोडलंच नसतं, नुसता आकड्याला आकडा जुळला असता तर?”

जोडीदाराने गळ्यातली चकती हातात धरून उलटसुलट करून बघितली.

“या आकड्यावर पाणी कुणी सोडलं?” मी विचारलं. “चकती घातल्यावर एकाची तरी साखर मोजली का? एकाचं तरी रक्त तपासलं? गुणाकार तपासलात तुम्ही, माणूस नाही तपासला. माझ्या भावाच्या घरी साखर मोजायचं यंत्र कपाटात पडून होतं. बोटाला एक टोचा, बस. या माणसाने ते कपाटात ठेवायला लावलं, कारण तिथे आकडा जुळला नसता.”

जोडीदाराने दोन्ही हातांनी गळ्यातली दोरी ओढली, तुटेना, तर दाताने तोडली. “माझ्या बायकोच्या रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्यात मी,” एवढं बोलून तो लोकांतून वाट काढत पळत सुटला. त्याच्यामागे आणखी काहीजण उठले. बुवा माईकवर काहीतरी श्रद्धेचं बोलत होता, पण त्याची भंबेरी उडाली होती आणि कुणी ऐकत नव्हतं.

सगळे उठले असं मी म्हणणार नाही. निम्मे बसून राहिले, डोळे मिटून. बुवाला कुणी हात लावला नाही, पोलिसांनी फक्त कागद लिहून घेतले, आणि त्याने चकती उतरवली, गाडीत घातली आणि दुसऱ्या गावी गेला. तिथेही कुणाच्या पोटाची टोचून टोचून चाळण झालेली असेल. म्हणून तुम्हाला सांगते आहे. कुणी खरा चमत्कार दाखवला म्हणून त्याची पुढची गोष्ट खरी मानू नका. आकडा खरा निघाला तर त्याला शाबास म्हणा आणि विचारा, याचा माझ्या आजाराशी संबंध काय, आणि तो कुणी मोजून बघितला? उत्तर मिळेपर्यंत औषधाची बाटली खाली ठेवू नका. एवढं माझ्या भावाने विचारलं असतं तर आज तो टेबलावर बसून सील मारत असता.

हॉल रिकामा व्हायला लागला तरी भिंगरी फळ्यापाशीच होती. सोळा नवांवरून तिने बोट फिरवलं.

“आत्या, मी गुणलं नसतं तरी हे नऊच होते?”

“तू जन्मायच्या आधीही नऊच होते.”

“पण मी गुणलं म्हणून बाबांनी सकाळचं इंजेक्शन बंद केलं.”

हे ती विचारणार, हे मला ठाऊक होतं. “बंद कर असं कुणी सांगितलं? तू?”

“नाही.”

“तू काय म्हणालीस, आठव. ‘बघ, सगळे नऊ.’ ते खरं होतं. खरं बोलल्याने बाबा गेले नाहीत गं. बाबांना इन्सुलिन हवं होतं, ते कुणी मिळू दिलं नाही, म्हणून ते गेले.”

मागे भावजय उभी होती. तिचा पदर डोक्यावरून केव्हाच घसरला होता. ती पुढे आली, खाली बसली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिने पोरीच्या तोंडाकडे बघितलं. “कडी मी लावली होती,” ती म्हणाली. “भिंगरे, कडी मी लावली होती.”

भिंगरीच्या हातातला खडू खाली पडला. तिने आईच्या गळ्यात तोंड लपवलं आणि मोठ्याने हंबरडा फोडला, “बाबा! बाबा!” तोवर ती नुसती भीत होती. बापासाठी ती त्या दिवशी पहिल्यांदा रडली.